पोलर एच१० छातीपट्टा: जिवावरच्या प्रसंगासाठी दम कमावताना कुठे कामाचा, कुठे नाही

निकाल आधीच सांगून टाकू. स्प्रिंट मारताना नाडी बघायला म्हणून हा पट्टा घेणार असाल तर पैसे वाचवा. त्या कामाला साधं स्टॉपवॉच आणि रस्त्यावर खडूने मारलेली रेघ जास्त उपयोगी पडते. पण सॅक पाठीवर टाकून दोन-तीन तास चालायचं असेल, उन्हात धावायचं असेल आणि ‘आज सावकाश’ असं ठरवूनही पाय आपोआप पळत सुटत असतील, तर याच्याइतकी शिस्त लावणारं दुसरं उपकरण शोधून सापडणं कठीण.

पूर, आग, दरड, वाटेत बंद पडलेली गाडी, जखमी सोबती अशा प्रसंगी शरीराला दोनच गोष्टी जमाव्या लागतात. एक, दहा ते तीस सेकंद जीव तोडून पळणं, चढणं किंवा कुणाला तरी ओढून बाजूला काढणं, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी तेच पुन्हा करणं. दुसरी, त्यानंतर कित्येक तास ओझं घेऊन चालत राहणं. पहिलीसाठी स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा, तयार साठा लागतो. तो दहा-एक सेकंदांत बराचसा संपतो आणि भरून यायला तीन ते पाच मिनिटं घेतो. तो भरण्याचं काम मात्र ऑक्सिजनवर चालतं. म्हणून ज्याचा लांबचा दम कच्चा, त्याचा दुसरा-तिसरा स्प्रिंटही कच्चा पडतो. आठवड्याचा बहुतेक वेळ सावकाश कामाला द्यायचा तो यासाठी, आणि पट्ट्याची खरी कमाईही तिथेच आहे.

वस्तूची ओळख थोडक्यात. पोलर ही फिनलंडची कंपनी १९७७ साली सुरू झाली. अंगावर घालता येईल असा पहिला बिनतारी हृदयगती-मापक तिने १९८२ मध्ये आणला. एच१०चे दोन भाग आहेत: इलेक्ट्रोड शिवलेला लवचीक पट्टा आणि त्यावर दोन टिचबटणांनी बसणारा सेन्सर. सेन्सरला पडदा नाही. त्यामुळे आकडा बघायला घड्याळ, फोन किंवा व्यायामयंत्राचा पडदा लागतोच. ब्लूटूथवर एकाच वेळी दोन उपकरणं जोडता येतात, शिवाय एएनटी प्लस ही व्यायाम-उपकरणांची बिनतारी जोडणी आहे आणि जुन्या यंत्रांसाठी ५ किलोहर्ट्झचा सिग्नलही. सीआर२०२५ हा नाण्यासारखा सेल साधारण ४०० तास चालतो, असं कंपनी सांगते. सेन्सर पाण्यात ३० मीटरपर्यंत चालतो. फोन जवळ नसेल तर एका व्यायामसत्राची नोंद सेन्सर स्वतःकडे ठेवतो. पण एकाच सत्राची, आणि ती पोलरच्याच अ‍ॅपमधून सुरू करून परत घ्यावी लागते. इतक्या नावाजलेल्या वस्तूत हा हात फारच आखडता वाटतो.

मनगटावरचं घड्याळ असताना छातीवर पट्टा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या लाटा मोजतं. पट्टा हृदयाचा विद्युत सिग्नल थेट पकडतो. सपाटीवर एका लयीत धावताना दोघांचे आकडे बहुधा जुळतात. हातात काठी, दोर किंवा डबा घट्ट धरला, मनगट वाकलं किंवा थंडीने हात गारठला की घड्याळ चुकायला लागतं. सगळ्यात फसवी चूक म्हणजे घड्याळ नाडीऐवजी पावलांची लय पकडतं. सावकाश धावताना आकडा अचानक १६५-१७० वर जाऊन चिकटला आणि तुम्ही मात्र निवांत गप्पा मारताय, असं झालं तर मिनिटाला पावलं किती पडतात ते मोजा. बहुतेकदा तोच आकडा निघतो. ज्या व्यायामात ओझी उचलायची, धरून चढायचं, ओढायचं आहे, तिथे मनगटावरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. दंडाला बांधायचा प्रकाशवाला पट्टा हा मधला मार्ग आहे. छातीला काहीही बांधलेलं ज्यांना सहन होत नाही त्यांनी तो घ्यावा.

आता स्प्रिंट. मोजमाप अचूक असूनही पट्टा इथे का कामाचा नाही, ते समजून घ्यायला हवं. हृदय पायांच्या मागून येतं. दहा सेकंदांचा स्प्रिंट संपतो तेव्हा आकडा जेमतेम चढायला लागलेला असतो, आणि शिखर दिसतं ते थांबल्यानंतर. ज्याला पडद्यावर ‘झोन ५’ (नाडीचा सर्वांत वरचा टप्पा) बघायचाच असतो तो मग स्प्रिंट लांबवतो. दहाचे चाळीस सेकंद होतात, वेग पडतो, आणि हाती लागतं ते धड स्प्रिंटही नाही आणि धड दमाचं कामही नाही. या चुकीत दोष पट्ट्याचा नाही, पण पट्टा घातलेल्यांच्या हातूनच ती जास्त होते.

स्प्रिंटची गंमत खडूच्या रेघेत आहे. चार ते सहा टक्के चढाचा, पाय न घसरणारा रस्ता निवडा. चढावर वेग आपसूक मर्यादित राहतो आणि मांडीमागचा स्नायू पूर्ण ताणाला जात नाही, म्हणून सुरुवातीला सपाटीपेक्षा चढ बरा. पंधरा मिनिटं अंग तापवा: आठ मिनिटं हलकं धावणं, मग पाय पुढे-मागे झुलवणं, मग साठ मीटरच्या तीन धावा, अनुक्रमे सत्तर, ऐंशी आणि नव्वद टक्के जोराने. मग दहा सेकंद जोरात. जिथे पोचलात तिथे रेघ मारा. चालत खाली या. एका स्प्रिंटच्या सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत किमान अडीच मिनिटं जाऊ द्या. असे सहा. ज्या वेळी रेघेच्या एक दशांश अंतर अलीकडेच थांबावं लागेल, तिथे त्या दिवसाचं काम संपलं, मग तो चौथा स्प्रिंट का असेना. पहिले तीन आठवडे जोर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर ठेवा. मांडीमागचे स्नायू फाटतात ते बहुधा याच काळात, थंड अंगाने, सपाटीवर, पहिल्या किंवा शेवटच्या धावेत.

पट्ट्याला इथे एक छोटंसं काम आहे: विश्रांती मोजणं. घड्याळाची अडीच मिनिटं झाली आणि नाडी तुमच्या कमाल नाडीच्या (जीव तोडून पळताना ती जास्तीत जास्त जिथवर जाते तो आकडा, तो कसा काढायचा ते पुढे) सत्तर टक्क्यांखाली आली, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पुढचा स्प्रिंट. चार मिनिटं झाली तरी नाडी खाली येत नसेल तर झोप, पाणी, ऊन किंवा आदल्या दिवसाचा थकवा यांपैकी काहीतरी आडवं आलंय, घरी जा. उलट, नुसती नाडी उतरली म्हणून मिनिटभरात पुन्हा पळू नका. नाडी उतरली याचा अर्थ स्नायूंतला साठा भरला असा होत नाही.

चार-सहा आठवड्यांनी तीस सेकंदांचे स्प्रिंट घ्यायला हरकत नाही: चार फेऱ्या, मध्ये चार-चार मिनिटं संथ चाल. हे खरोखर कठीण असतं, आठवड्यातून एकदाच पुरे. आणि ‘ताबाता’ म्हणून अ‍ॅपवर जे काही चालतं त्याबद्दल एक शब्द. १९९६ च्या मूळ जपानी प्रयोगात वीस सेकंद काम आणि दहा सेकंद विश्रांती होती, ती स्थिर सायकलवर, कमाल ऑक्सिजन-वापराच्या सुमारे १७० टक्के तीव्रतेने, आणि सात-आठ फेऱ्यांत माणूस पार संपत होता. चार मिनिटं उड्या मारून त्याच्या पुढच्या चार मिनिटांत तेच पुन्हा करता येत असेल, तर ते ताबाता नव्हे.

लांब इंटरव्हलमध्ये, म्हणजे जोराचं काम आणि हलकी विश्रांती आळीपाळीने करताना, मात्र पट्टा पुन्हा कामाला येतो. चार मिनिटांच्या चार फेऱ्या, कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर, मध्ये तीन मिनिटं सत्तर टक्क्यांच्या आसपास हलकं धावणं. कमाल १८४ धरली तर काम १५६ ते १७५ मध्ये आणि विश्रांती १२९ च्या आसपास. पहिल्या मिनिटात १५६ दिसणारच नाही आणि दिसायलाही नको. दीड-दोन मिनिटांनी तिथे पोचणं बरोबर. जो पहिल्याच मिनिटात आकडा गाठायला जातो त्याचे पाय तिसऱ्या फेरीत दगड होतात.

कमाल नाडी सूत्रावरून काढली की पुढचं सगळं गणित डळमळतं. ‘२२० वजा वय’ आणि ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ ही दोन्ही सूत्रं चाळिसाव्या वर्षी १८० वर येऊन मिळतात. साठाव्या वर्षी मात्र १६० आणि १६६ अशी फारकत होते. आणि सूत्र कुठलंही असो, एखाद्या माणसाची खरी कमाल त्यापेक्षा दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं. म्हणून मोजून घ्या. अंग नीट तापवून तीन मिनिटं चढावर कडक धाव, हलकं धावत खाली, पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा खाली, आणि तिसऱ्यांदा शेवटचं मिनिट सर्वस्व पणाला लावून. त्यात दिसलेला सर्वांत मोठा आकडा धरा. बरीच वर्षं बैठं आयुष्य, चाळिशी ओलांडलेली, रक्तदाब, छातीत दुखणं किंवा घरात हृदयविकार असेल तर ही चाचणी रस्त्यावर करायची नाही. आधी डॉक्टर. पेसमेकर असलेल्यांनी पट्टाही विचारूनच घालावा.

सावकाश दिवसाची मर्यादा ठरवताना अनेकजण अडखळतात, आणि त्याला पोलरचे तयार झोन काही अंशी कारण आहेत. ते कमाल नाडीच्या थेट टक्केवारीवर आखलेले असतात: झोन २ म्हणजे ६० ते ७० टक्के. कमाल १८४ असेल तर ११० ते १२९. आता याच माणसाची विश्रांतीची नाडी ६० धरून राखीव ठोक्यांच्या (कमाल वजा विश्रांतीची नाडी) पद्धतीने मोजू. राखीव १२४, त्याचे सत्तर टक्के ८७, त्यात ६० मिळवले की १४७. एकाच ‘सत्तर टक्क्यां’चे १२९ आणि १४७ असे दोन अर्थ झाले, अठरा ठोक्यांचा फरक! पहिला आकडा पाळला तर अनेकांना नुसतं भराभर चालावं लागतं, दुसरा पाळला तर काहीजण सावकाशची हद्द ओलांडतात. सोपा उपाय असा: सपाटीवर हळूहळू वेग वाढवत एखादी पाठ असलेली दोन-तीन वाक्यं मोठ्याने म्हणा. ज्या आकड्याला वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो, त्याच्या चार-पाच ठोके खाली तुमची वरची हद्द. तोच आकडा अ‍ॅपमध्ये हाताने भरा आणि ओलांडला की घड्याळ वाजेल असं लावा. पहिले काही आठवडे ते इतकं वाजतं की फेकून द्यावंसं वाटतं. वाजू द्या आणि चालायला लागा.

पाठीवर सॅक चढली की हा पट्टा आपली किंमत वसूल करतो. ओझं, चढ, चिखल, ऊन यांतलं काहीच वेगाच्या आकड्याला कळत नाही. नाडीला सगळं कळतं. सुरुवात शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपासून करा, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सात किलो, आणि एक तास. एका आठवड्यात वजन वाढवा नाहीतर वेळ वाढवा, दोन्ही एकदम नाही. वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे जायची सरावात गरज नाही. तुलनेसाठी: अमेरिकन पायदळाच्या एका नामांकित बिल्ल्यासाठी सुमारे १६ किलो घेऊन १२ मैल, म्हणजे साधारण १९ किलोमीटर, तीन तासांत चालावे लागतात. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या. गुडघ्याने कुरकुर केली तर पाणी ओतून टाकता येतं, दगड टाकून यायला जीव होत नाही. जड सामान वर आणि पाठीला चिकटून. ओझं घेऊन धावू नका, हद्द ओलांडली की फक्त पाऊल आखूड करा.

एक गोष्ट मात्र पट्ट्याला दिसत नाही, ती म्हणजे उतार. उतरताना नाडी ११० वर निवांत असते आणि त्याच वेळी मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात ब्रेक लावत असतात. आकडा बघून ‘आज काहीच झालं नाही’ म्हणत उतारावर अंतर वाढवलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उताराचं अंतर वेगळं लिहून ठेवा.

लांबच्या सत्राची प्रगती मोजायला नोंदीचे दोन समान भाग करा. समजा ऐंशी मिनिटं एकाच वेगाने धावलात. पहिल्या चाळीस मिनिटांची सरासरी १३८, नंतरच्या चाळिसांची १४६. वाढ ५.८ टक्के. पाच टक्क्यांच्या खाली आली की मगच वेळ वाढवायची, असा व्यवहारी नियम ठेवा. मात्र उन्हात घाम जाऊन रक्ताचं आकारमान घटतं आणि तोच वेग राखूनही नाडी तासाभरात दहा-पंधरा ठोक्यांनी वर सरकू शकते. त्यामुळे दुपारच्या नोंदीची पहाटेच्या नोंदीशी तुलना करू नका.

आठवड्याची मांडणी अशी: दोन सावकाश धावा चाळीस ते साठ मिनिटांच्या, एक सॅकचं लांब सत्र, एक स्प्रिंट किंवा चार-चार मिनिटांचं सत्र आळीपाळीने, आणि दोन दिवस थोडी ताकद: बैठका, लटकून अंग वर ओढणं, एका हातात वजन घेऊन चालणं. स्प्रिंट आणि सॅकचं सत्र यांच्यात किमान ४८ तास. दर चौथ्या आठवड्यात सगळ्याचा वेळ एक तृतीयांशाने कमी. स्प्रिंटच्या आदल्या दिवशी पोटऱ्या किंवा मांड्या दुखत असतील तर स्प्रिंटच्या दिवशी नुसतं चढावर चालणं, बस.

आता वापरातल्या खुब्या. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, बरगड्यांच्या मध्यावर बसवायचा. स्त्रियांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली. इलेक्ट्रोडचा भाग पाण्याने चांगला ओला करा. कोरडा घातला तर पहिली दहा मिनिटं आकडा २०० च्या वर उडतो किंवा एका जागी गोठतो, आणि घाम आला की आपोआप सुधारतो. हवा कोरडी आणि अंगावर सैल सिंथेटिक टी-शर्ट असेल तर कापडाच्या घर्षणातली स्थिर वीजही असाच गोंधळ घालते. शर्ट ओला करा किंवा अंगाला बसणारा घाला. शंका आली तर थांबून मानेवर बोट ठेवा, पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. आकडा खरा निघाला, बसल्याबसल्या नाडी उसळत असली आणि चक्कर येत असली, तर ती उपकरणाची तक्रार नव्हे, दवाखाना गाठा.

सॅकच्या छातीवरच्या पट्टीचं बक्कल सेन्सरच्या वर चार बोटं तरी राहील असं बांधा. खाली सरकलं की ते प्रत्येक पावलाला सेन्सर हलवतं आणि नोंदीत खाचा पडतात. पट्ट्याची कडी पाठीच्या मधोमध येऊ देऊ नका, सॅकखाली दबून ती कातडी सोलते. आतल्या बाजूला सिलिकॉनचे ठिपके आहेत, त्यामुळे पट्टा घसरत नाही, पण तीन तासांच्या चालीत तेच ठिपके काहींना काचतात. कडेला थोडं व्हॅसलीन लावा, इलेक्ट्रोडवर नाही. पोहताना ब्लूटूथचा सिग्नल पाण्यातून जात नाही, हेही लक्षात ठेवा.

सेल लवकर संपतो अशी तक्रार जिथे तिथे वाचायला मिळते. बरेचदा कारण एकच: व्यायामानंतर सेन्सर पट्ट्यावरच ठेवलेला असतो, आणि ओल्या इलेक्ट्रोडमुळे तो जागाच राहतो. दोन्ही बटणं काढा, सेन्सर पुसा, पट्टा वाहत्या पाण्याखाली धुऊन सावलीत लटकवा. अधूनमधून ४० अंशांवर मशीनमध्ये धुतलेला चालतो, पण सेन्सर काढून. ब्लीच, फॅब्रिक सॉफ्टनर आणि इस्त्री नको. सेल बदलताना झाकणाची रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे का ते बघा, नाहीतर पाण्याची ३० मीटरची हमी पहिल्याच पावसात निघून जाते.

पट्टा ही झिजणारी वस्तू आहे. सेन्सर शाबूत असताना पट्ट्याचं रबर सैल पडतं किंवा बटणांभोवती हिरवट गंज धरतो. तसं झालं आणि ओला करूनही आकडे उडत राहिले, तर सेन्सर न टाकता नुसता पट्टा बदला. तो सुटा मिळतो, दोन मापांत. मधल्या मापाचे असाल तर लहान माप घेऊ नका, धावताना बरगड्यांना आवळतं आणि खोल श्वास अडतो.